इन्सुलिनची हाक आणि समुद्रातले पेप्टाइड

बेळगावात तिसरे रेल्वे गेट ओलांडून खानापूर रोडला लागले की उद्यमबाग सुरू होते. ओतकामाच्या फौंड्र्या, सीएनसी मशीनच्या शेड, हायड्रॉलिकचे सुटे भाग बनवणारे कारखाने. त्यांत पाळ्यांनी राबणारी माणसे अनगोळ-वडगावची असतात, मच्छे-पिरनवाडीची असतात, खानापूर तालुक्यातून रोज ये-जा करणारीही असतात. याच रस्त्याने पुढे लोंढा गाठून अनमोड घाट उतरला की गोवा. त्यामुळे शहर डोंगरमाथ्यावरचे असले तरी बांगडा, तारली, सुरमई इथल्या घरांना परकी नाही.

अलीकडे या भागातल्या औषधांच्या दुकानांत आणि फोनवरच्या जाहिरातींत एक नवी वस्तू दिसू लागली आहे: ‘मरीन पेप्टाइड’ किंवा ‘फिश कोलॅजेन’ अशी नावे असलेली भुकटी. आधी ती कातडीसाठी आणि गुडघ्यांसाठी विकली जायची. आता ‘शुगर’साठीही उपयोगी असल्याचे सांगितले जाते. महिन्याचा डबा एखाद्या कामगाराच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढा महाग. घ्यावा की नाही, असे कोणी विचारले तर एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण या प्रश्नात खऱ्या विज्ञानाचा मोठा वाटा आहे. समुद्रातल्या जिवांच्या पेप्टाइडांमुळे मधुमेहाच्या उपचाराला खरोखरच वळण मिळाले. मात्र ते कसे मिळाले आणि डब्यातल्या भुकटीचा त्याच्याशी किती संबंध आहे, हे पायरीपायरीने पाहावे लागते.

सुरुवात शरीरापासून करू. जेवल्यावर रक्तातले ग्लुकोज वाढते. ते जाणवताच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचा, दोन साखळ्यांत बांधलेला रेणू. ते रक्तातून स्नायूंच्या पेशींपर्यंत पोचते आणि पेशीच्या आवरणावरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटते. रिसेप्टरचा अर्धा भाग बाहेर, अर्धा आत असतो. बाहेर इन्सुलिन बसले की आतला भाग जागा होतो आणि शेजारच्या प्रथिनांवर फॉस्फेटच्या खुणा लावू लागतो. एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे असा निरोप सरकत जातो. शेवटी पेशीच्या पोटात लहान बुडबुड्यांत साठवलेली ‘ग्लूट-४’ नावाची वाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि त्यांच्यातून ग्लुकोज आत शिरते. तिकडे यकृतालाही इन्सुलिनचा निरोप जातो: आता स्वतःची साखर बनवून रक्तात सोडू नकोस.

इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे हा निरोप अडखळणे. स्नायूंत आणि यकृतात, जिथे चरबी साठायला नको तिथे ती साठू लागली की चरबीच्या काही मधल्या पदार्थांमुळे निरोप्या प्रथिनांवर चुकीच्या जागी खुणा लागतात. रिसेप्टर जागा होतो, पण पुढची साखळी ढिली पडते. ग्लूट-४ वर यायला उशीर होतो, यकृत साखर सोडतच राहते. मग स्वादुपिंड काय करते? अधिक इन्सुलिन सोडते. फौंड्रीच्या गोंगाटात फोरमनची साधी हाक ऐकू येईनाशी झाली की तो ओरडून सांगतो. काम होते, पण घसा बसत जातो. बीटा पेशींचे तसेच होते. त्या वर्षानुवर्षे जास्तीचे इन्सुलिन पुरवतात, आणि थकू लागल्या की मगच रक्तातली साखर वाढलेली दिसते.

म्हणूनच तपासणीच्या कागदावर हा दोष बराच काळ दिसत नाही. समजा, एखाद्याची उपाशीपोटीची साखर ९८ आहे आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन १८ युनिट. साखर १००च्या आत, म्हणजे सर्व ठीक, असे कोणीही म्हणेल. पण या दोन आकड्यांचा गुणाकार करून त्याला ४०५ने भागले तर उत्तर ४.३ च्या पुढे येते. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मांडलेले हे गणित ‘होमा’ या नावाने ओळखले जाते. भारतीयांत हा आकडा अडीचच्या वर गेला की रेझिस्टन्सची शंका घेतात. म्हणजे या माणसाच्या शरीरात नेहमीचेच काम करून घेण्यासाठी खूप जास्त इन्सुलिन खर्च होत आहे. मानेवर आणि काखेत येणारा मखमली काळपटपणा हेही त्याचेच एक बाह्य लक्षण असते. बरेच जण तो मळ समजून घासत बसतात.

आपल्याकडे ही गोष्ट अधिक काळजीची का आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, हे भारतीय शरीराचे रूप त्या एका चित्रातून जगाला कळले. त्यामागे १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत चाललेला अभ्यास होता. त्या गावांत जन्मणारी बाळे वजनाने इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण वजनाच्या मानाने त्यांची चरबी तितकी कमी नव्हती. स्नायू कमी, चरबी टिकून. म्हणजे स्नायू हे ग्लुकोज साठवायचे सर्वांत मोठे कोठार, तेच मुळात लहान. त्यामुळे पोट थोडेसे सुटलेला, एरवी काटक दिसणारा मशीन ऑपरेटर ‘मला कुठली शुगर’ म्हणतो तेव्हा त्याचे वजन त्याला फसवत असते. वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप जास्त खरे सांगते. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

यात पाळीचे काम भर घालते. १९९९ मध्ये शिकागोत अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता उतरली. रात्रपाळीत दोन वाजता खाल्लेला वडा-पाव आणि साखरेचा चहा शरीर दिवसासारखा पचवत नाही. निपाणीकडचा विडीचा धूरही निरपराध नाही. धूम्रपानाने इन्सुलिनचा निरोप आणखी मंदावतो.

आता पेप्टाइड म्हणजे काय ते पाहू. अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली की साखळी होते. दोन-तीन दुव्यांपासून साधारण पन्नासेक दुव्यांपर्यंतच्या साखळीला पेप्टाइड म्हणतात, त्याहून लांब साखळी घडी पडून बसली की प्रथिन. सीमा काटेकोर नाही. साखळीत कोणते दुवे कोणत्या क्रमाने आहेत, यावर ती शरीरात काय करील हे ठरते. एक दुवा बदलला तर काम बदलते, कधी पूर्ण थांबते. या एका गोष्टीवर पुढची सगळी कथा उभी आहे.

मधुमेहाच्या इतिहासात समुद्र फार लवकर येतो. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन वेगळे काढले गेले, तेव्हा ते नक्की स्वादुपिंडाच्या कोणत्या पेशींतून येते याचा पुरावा हवा होता. गाईच्या किंवा कुत्र्याच्या स्वादुपिंडात इन्सुलिन करणाऱ्या पेशींचे पुंजके पाचक रस करणाऱ्या पेशींत मिसळलेले असतात, त्यामुळे दोन्ही वेगळे काढणे अवघड. काही हाडांच्या माशांत मात्र हे पुंजके स्वतंत्र गोळीसारखे बाजूला असतात. टोरांटोचे प्राध्यापक मॅक्लाउड १९२२ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूज इथे गेले आणि अँग्लरफिश व स्कल्पिन या माशांच्या त्या गोळ्यांचा अर्क काढला. पुंजक्यांच्या अर्काने साखर उतरली, उरलेल्या स्वादुपिंडाच्या अर्काने उतरली नाही. प्रश्न मिटला.

साठ वर्षांनी तोच अँग्लरफिश पुन्हा कामाला आला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोएल हॅबेनर यांना ग्लुकॅगॉन या संप्रेरकाचे जनुक वाचायचे होते. ग्लुकॅगॉन इन्सुलिनच्या उलट काम करते, म्हणजे साखर वाढवते. त्या काळात सस्तन प्राण्यांच्या जनुकांवर प्रयोग करण्यावर कडक बंधने होती. माशाच्या जनुकांना ती तितकी लागू नव्हती, आणि माशात पुंजके वेगळे सापडत. हॅबेनर यांच्या गटाने १९८२ मध्ये जाहीर केले की माशाच्या त्या जनुकात ग्लुकॅगॉनच्या पाठोपाठ त्याच्यासारख्याच आणखी एका पेप्टाइडचा नकाशा आहे. पुढच्या वर्षी सस्तन प्राण्याच्या जनुकातही अशी पेप्टाइडे सापडली. त्यांतल्या एकाला जीएलपी-१ हे नाव मिळाले. स्वेतलाना मोइसोव्ह यांनी त्याचा खरा काम करणारा तुकडा ओळखला, सातव्या दुव्यापासून सदतिसाव्या दुव्यापर्यंतचा. जेवण आतड्यात पोचले की हे पेप्टाइड आतड्यातून सुटते आणि स्वादुपिंडाला सांगते: साखर येते आहे, इन्सुलिन तयार ठेव. ते ग्लुकॅगॉनला दाबते, पोट हळू रिकामे करते आणि मेंदूला भूक भागल्याचे कळवते. २०२४ मध्ये हॅबेनर, मोइसोव्ह आणि डेन्मार्कच्या लोटे ब्येरे क्नुडसेन यांना या कामासाठी लास्कर पुरस्कार मिळाला.

पण नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटेच टिकते. कारण डीपीपी-४ नावाचे एक एन्झाइम. हे एन्झाइम पेप्टाइडच्या पुढच्या टोकाकडे पाहते. दुसऱ्या जागी प्रोलीन किंवा अलॅनीन हा दुवा दिसला की पहिले दोन दुवे कापून टाकते, आणि पेप्टाइड निकामी होते. जीएलपी-१च्या दुसऱ्या जागी अलॅनीन आहे. यावर दोन उपाय निघाले. पहिला, एन्झाइमलाच अडवणारी गोळी. सिटाग्लिप्टिन २००६ मध्ये आली, आणि आज टेनेलिग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन ही नावे उद्यमबागेतल्या कुठल्याही मधुमेही कामगाराच्या चिठ्ठीत सापडतात. दुसरा उपाय, पेप्टाइडच बदलायचे. सेमाग्लुटाइडमध्ये दुसऱ्या जागचा अलॅनीन काढून एन्झाइमला न कापता येणारा दुवा बसवला आणि मधल्या एका दुव्याला चरबीचे लांब शेपूट जोडले. त्या शेपटामुळे ते रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून राहते. दोन मिनिटांचे आयुष्य जवळपास आठवड्याचे झाले, म्हणून इंजेक्शन आठवड्याला एकच. या औषधांनी वजन चांगले उतरते, आणि यकृतातली, पोटातली चरबी घटली की इन्सुलिनचा निरोप पुन्हा नीट पोचू लागतो. इन्सुलिन रेझिस्टन्सवरचा त्यांचा परिणाम बहुतांशी वजनाच्या वाटेने येतो.

आता डबा उघडू. भुकटीत कुणी अँग्लरफिशचे संप्रेरक भरलेले नसते. त्यात असते माशाच्या प्रथिनांचा एन्झाइमने केलेला चुरा. तो करण्याची पद्धत उद्यमबागेतल्या कोणत्याही प्लांट इंजिनिअरला लगेच कळावी अशी आहे. कच्चा माल म्हणजे मासळी प्रक्रिया कारखान्यातले उरलेसुरले: कातडी, काटे, डोकी. रत्नागिरीत राणी माशासारख्या मासळीपासून सुरिमी, म्हणजे धुऊन केलेला माशाचा लगदा, बनवून निर्यात होतो. त्यात मासळीच्या वजनाचा मोठा भाग बाजूला पडतो आणि बहुतेक वेळा खाद्यासाठी किंवा खतासाठी जातो. हा माल बारीक दळून पाण्यात मिसळतात, जॅकेट असलेल्या टाकीत ५०-५५ अंशांना ठेवतात, पीएच आठच्या आसपास नेतात, आणि त्यात प्रथिने कापणारे एन्झाइम घालतात. अल्कलेज हे जिवाणूंपासून मिळणारे एन्झाइम फार वापरात आहे. पपईच्या चिकातले पपेनही चालते. काही तासांनी तापमान ८५-९० अंशांवर नेले की एन्झाइम मरते. मग सेंट्रिफ्यूजने तेल आणि गाळ वेगळा करतात, पातळ द्रव पडद्यांतून गाळून लहान तुकडे वेगळे करतात, आणि गरम हवेच्या फवाऱ्यात वाळवून भुकटी करतात. पाणी काढून टाकणे हा खर्चिक भाग. चव कडू लागते, कारण कापल्यावर आतले पाणी टाळणारे दुवे उघडे पडतात. म्हणून डब्यावर संत्र्याचा किंवा चॉकलेटचा स्वाद लिहिलेला असतो.

माशाच्या कातडीत कोलॅजेन भरपूर, आणि कोलॅजेनमध्ये ग्लायसीन-प्रोलीन ही जोडी पुन्हा पुन्हा येते. चुऱ्यातल्या अनेक तुकड्यांच्या दुसऱ्या जागी प्रोलीन असते. डीपीपी-४ला नेमके तेच आवडते. ते एन्झाइम या तुकड्यांत गुंतले तर जीएलपी-१ जास्त वेळ टिकेल, ही त्यामागची आशा. आशा तर्काला धरून आहे. २०१२ मध्ये अटलांटिक सामनच्या कातडीतून असे दोन तुकडे वेगळे करून मोजले गेले. एन्झाइमचे काम निम्म्यावर आणायला त्यांची ४२ ते ५० मायक्रोमोलर मात्रा लागली. सिटाग्लिप्टिनला त्याच कामासाठी सुमारे १८ नॅनोमोलर पुरते, आणि एक मायक्रोमोलर म्हणजे हजार नॅनोमोलर. प्रत्येक प्रयोगशाळेची मांडणी थोडी वेगळी असते हे धरूनही, गोळी दोन हजारांहून अधिक पट ताकदीची आहे. आणि गोळीची किंमत आज काही रुपये आहे. मला वाटते, डबा विकणाऱ्याने हे एवढेच गणित गिऱ्हाइकाला दाखवले तरी पुरे.

त्यात पुढची अडचण पोटाची. तोंडाने घेतलेले पेप्टाइड जठरातल्या आम्लातून आणि स्वादुपिंडाच्या पाचक एन्झाइमांतून जाते. आतड्याच्या भिंतीवर ‘पेप-टी-१’ नावाचा वाहक दोन आणि तीन दुव्यांचे तुकडे आत घेतो. त्याहून लांब बहुतेक तुकडे आधीच कापले जातात. लांब पेप्टाइड पोटातून रक्तात पोचवणे किती अवघड आहे, हे सेमाग्लुटाइडच्या गोळीवरून कळते. तिच्यात पेप्टाइडला जठरातून पार नेणारा खास पदार्थ घातलेला आहे, ती उपाशीपोटी अर्ध्या कपाहून कमी पाण्याबरोबर घ्यावी लागते, पुढे अर्धा तास काही खायचे नसते, आणि एवढे करूनही एक टक्क्याहून कमी औषध रक्तात पोचते. साध्या भुकटीला असला काही आधार नसतो. मात्र एक बाजू उरते. डीपीपी-४ आतड्याच्या भिंतीवरही असते, आणि जीएलपी-१ तिथेच सुटते. म्हणजे तुकड्यांनी रक्तात न पोचताही आतड्यातच काही काम केले असेल, हे अशक्य नाही. संशोधक याच दिशेने अधिक पाहत आहेत आणि ते योग्य आहे.

मग माणसांत काय दिसले? या विषयातल्या लेखांत उंदरांचे आकडे माणसांच्या आकड्यांत मिसळून टाकले जातात, म्हणून इथे सावकाश जाणे बरे. कॅनडातल्या क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठात आधी उंदरांना चरबीयुक्त अन्न दिले गेले. ज्यांना प्रथिन म्हणून कॉड मासा मिळाला, त्यांच्या स्नायूंत इन्सुलिन रेझिस्टन्स आला नाही. हा अहवाल २००१ चा. मग त्याच गटाने रेझिस्टन्स असलेल्या १९ माणसांना चार आठवडे कॉडचे प्रथिन आणि चार आठवडे मांस-अंडी-दुधाचे प्रथिन दिले. कॉडच्या काळात इन्सुलिनची संवेदनशीलता सुधारली. २००७ मध्ये ‘डायबेटिस केअर’मध्ये आलेला हा अभ्यास मला या विषयातला सर्वांत विश्वासार्ह वाटतो, कारण मोजमाप क्लॅम्प पद्धतीने केले होते. तीत शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी देत शरीर किती ग्लुकोज उचलते ते थेट मोजतात. पण लक्षात घ्या: तो पूर्ण मासा होता, जेवणातला, दुसऱ्या प्रथिनांच्या जागी घेतलेला. चमच्याने पाण्यात ढवळलेली भुकटी नव्हे.

भुकटीच्या चाचण्याही आहेत. चीनमध्ये मधुमेहींना तीन महिने माशाचे कोलॅजेन पेप्टाइड देऊन साखरेच्या आणि इन्सुलिनच्या मोजमापांत सुधारणा झाल्याचे २०१० मध्ये छापून आले. नॉर्वेतल्या बर्गनच्या गटाने कॉडच्या चुऱ्याच्या छोट्या चाचण्या केल्या. काहींत जेवणानंतरचे इन्सुलिन थोडे उतरले, काहींत फरकच दिसला नाही. माणसे थोडी, काळ आठवड्यांचा, मात्रा वेगवेगळी, मासा वेगळा, एन्झाइम वेगळे. एका कंपनीच्या चुऱ्यात जे तुकडे आहेत ते दुसरीच्या चुऱ्यात असतीलच असे नाही. औषधात प्रत्येक दुवा ठरलेला असतो, चुऱ्यात हजार तऱ्हेचे तुकडे असतात. त्यामुळे एका चाचणीचा निकाल दुसऱ्या डब्याला लावता येत नाही.

मासळीने शुगर होत नाही, असा समज बाळगणाऱ्यांनी आपल्या शेजारी पाहावे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचे देशभरचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये आले. देशात मधुमेही १० कोटींवर, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटींहून अधिक. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. त्याखालोखाल पुदुच्चेरी आणि केरळ. तिन्ही प्रांत समुद्राकाठचे, मासळीवर जगणारे. सर्वांत कमी प्रमाण उत्तर प्रदेशात, ४.८ टक्के. यावरून मासळीने मधुमेह होतो असे मुळीच ठरत नाही. या प्रांतांत माणसे जास्त जगतात, शहरीकरण जास्त, कष्टाचे काम कमी झाले, ताटात भात भरपूर. एवढेच दिसते की भाताच्या ढिगावर ओतलेली माशाची आमटी आणि रव्यात घोळून तेलात तळलेली सुरमई एकट्याने काही अडवत नाही. माशाच्या तेलाचेही तेच. २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा त्या तेलातल्या ओमेगा-३ने मधुमेह टळण्यात फारसा फरक आढळला नाही.

समुद्रातले आणखी एक पेप्टाइड सांगण्यासारखे आहे. हिंदी-प्रशांत महासागरातली कोनस जिओग्राफस ही शंकूच्या आकाराची विषारी गोगलगाय लहान माशांचा थवा पकडताना पाण्यात इन्सुलिन सोडते. कल्ल्यांतून ते माशांच्या रक्तात जाते, साखर एकदम खाली येते, मासे सुस्त पडतात आणि ती त्यांना गिळते. २०१५ मध्ये युटा विद्यापीठात हे उलगडले. हे इन्सुलिन फक्त ४३ दुव्यांचे. आपले इन्सुलिन जस्ताच्या आधाराने सहा-सहाच्या गटात बांधले जाते आणि सुटे झाल्यावरच काम करते, म्हणून इंजेक्शनचा परिणाम यायला वेळ लागतो. गोगलगायीच्या इन्सुलिनला ती गाठ बांधणारा तुकडाच नाही. त्यावरून झटपट काम करणारे इन्सुलिन घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. आपल्याकडेही मुंबईच्या टीआयएफआरमधल्या के. एस. कृष्णन आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पी. बलराम यांनी भारतीय किनाऱ्यावरच्या कोनस गोगलगायींच्या विषातली पेप्टाइडे तपासली, पण त्यांचा शोध मज्जातंतूंच्या दिशेचा होता. रेझिस्टन्सवर हे गोगलगायीचे इन्सुलिन उपाय नाही, फक्त हाक लवकर पोचवते. आणि सहलीला गेल्यावर किनाऱ्यावर सापडलेला जिवंत शंकू कधीच हातात घेऊ नये. त्याच्या दंशाने माणसे मेली आहेत.

तेव्हा डब्याबद्दल. आहारपूरकाच्या वेष्टनावर ‘मधुमेह बरा करतो’ असे लिहिणे कायद्याने चालत नाही. १९५४ च्या जादुई उपायांविरुद्धच्या कायद्याने मधुमेहासह ठरावीक आजार बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी आहे. असा दावा दिसला की तिथेच थांबावे. शाकाहारी घरांनी, आणि या भागात लिंगायत व जैन घरे पुष्कळ आहेत, तपकिरी खूण आधी पाहावी. मासळीची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि मूत्रपिंड नाजूक असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सर्वांत मोठा धोका भुकटीचा नाहीच. भुकटी सुरू केली म्हणून मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी बंद करणारी माणसे असतात. तो धोका खरा.

ज्याला खात्रीचा उपाय हवा त्याच्यासाठी पुरावा आहे आणि तो भारतीयांवरचाच आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि चालण्याचा सल्ला नीट देऊन पाठपुरावा केला. २००६ मध्ये निकाल आला: मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी. मेटफॉर्मिनच्या गटात जवळपास तेवढाच, २६.४ टक्के. चालण्याचे कारण पेशीतच आहे. स्नायू आकुंचन पावला की ग्लूट-४ इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहता वर येते. आठ तास मशीनपुढे उभे राहणे आणि अर्धा तास भराभर चालणे यांत स्नायूंच्या दृष्टीने मोठा फरक आहे. उभ्या माणसाचे पाय दुखतात, पण ग्लुकोज फारसे खर्च होत नाही. जेवणानंतर लगेच केलेले थोडे चालणे जास्त उपयोगी, कारण तेव्हाच ग्लुकोज रक्तात असते.

तरीही मासळीच्या पेप्टाइडांचा अभ्यास सोडून द्यावा असे मला अजिबात वाटत नाही. कोकणात बाजूला पडणारा माल आपला आहे, याज्ञिकांनी दाखवलेले सडपातळ-चरबीदार शरीरही आपलेच आहे, आणि कॉड खाणाऱ्या क्वेबेकच्या माणसांचे निकाल बांगडा खाणाऱ्या बेळगावकराला जसेच्या तसे लावता येत नाहीत. हवी आहे ती इथली चाचणी. पाळीत काम करणारी, कमर ९०च्या वर गेलेली, उपाशीपोटीची साखर अजून १०० ते १२५ च्या दरम्यान असलेली माणसे घ्यावीत. अर्ध्यांना ठरावीक तुकड्यांची, प्रत्येक खेपेला तपासलेली राणी माशाची भुकटी द्यावी, अर्ध्यांना तेवढ्याच प्रथिनाची सोयाबीनची. कोणाला काय मिळाले ते त्यांना आणि डॉक्टरांना कळू नये. किमान सहा महिने चालावे, रात्रपाळीच्या आठवड्यांची वेगळी नोंद असावी, सुरुवातीला आणि शेवटी होमा, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) आणि कमरेची टेप. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकावरची राष्ट्रीय संस्था आहे, आणि उद्यमबागेत अशी माणसे एका गेटवर सकाळी सातला भेटतात.